आधी तारखा विचारा, मग बायपोलर म्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत 'तुमच्या मुलाला बायपोलर तर नाही?' अशा थाटाच्या चौकटी अधूनमधून छापून येतात. खाली आठ-दहा लक्षणे आणि 'यातली पाच जुळली तर डॉक्टरांना भेटा' अशी सूचना. लक्षणे चुकीची नसतात. पण सतत चिडणे, एका जागी न बसणे, भरभर बोलणे, रात्री जागणे, अभ्यासात लक्ष नसणे ही यादी घेऊन नववीच्या कोणत्याही वर्गात गेलात, तर दर दुसऱ्या बाकावर एक 'रुग्ण' सापडेल. चौकटीत नसतो तो एकच रकाना: हे केव्हापासून, सलग किती दिवस, आणि त्याआधी मूल कसे होते? बायपोलरचे निदान या रकान्यावरच उभे असते. मुलांच्या मानसिक आजारांवर काम करणाऱ्यांच्या वतीने हे जरा लांबलेले पत्र त्यासाठीच.

बायपोलर, म्हणजे कधी मन अतोनात चढणे तर कधी नैराश्यात बुडणे, हा एपिसोडचा आजार आहे. म्हणजे तो येतो, काही काळ मुक्काम ठोकतो आणि जातो. मधल्या काळात माणूस बऱ्याच अंशी पूर्वीसारखा असतो. उन्माद, म्हणजे मेनिया, म्हणायचा तर किमान 7 दिवस, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन चढलेले किंवा चिडलेले हवे आणि त्याच्या जोडीला अंगात उत्साह वाढलेला हवा. (दवाखान्यात दाखल करण्याइतकी वेळ आली तर 7 दिवसांची अट राहत नाही.) सौम्य उन्मादाला 4 दिवस लागतात, नैराश्याला दोन आठवडे. उन्मादात सात ठरावीक लक्षणांपैकी तीन हवीत आणि मन आनंदी नसून नुसते चिडलेले असेल तर चार. ही लक्षणे त्या मुलाच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा वेगळी हवीत, ही अट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक विसरली जाणारी. जो मुलगा बालवाडीपासून वळवळ्या आहे, त्याची वळवळ उन्मादाच्या खात्यात मोजता येत नाही. सकाळी हसत होता, दुपारी रडला, संध्याकाळी दार आपटले, ही एका दिवसाची गोष्ट झाली. तिला एपिसोड म्हणत नाहीत.

यातले एकच लक्षण जवळून पाहू: झोप. केसपेपरवर 'झोप कमी' एवढे दोन शब्द पडतात आणि तिथेच घोळ होतो. झोप न येणे वेगळे, झोपेची गरज न वाटणे वेगळे. रात्री दोनपर्यंत रील पाहणारा मुलगा सकाळी पाच हाकांनी उठत नाही, शाळेत पेंगतो, रविवारी दुपारी बारापर्यंत घोरतो. त्याची झोप कमी पडते आहे. उन्मादातली मुलगी दीड वाजता पाठ टेकते, चारला टक्क जागी होते, घरभर दिवे लावून माळा आवरायला घेते, आईला उठवून नव्या धंद्याची योजना सांगते, दिवसभर थकत नाही आणि पाचव्या दिवशीही तशीच टवटवीत असते. म्हणून विचारायचा प्रश्न 'झोप लागते का?' असा नाही. 'मोबाइल काढून घेतला, दिवा मालवला, तरी ती काय करते? आणि सकाळी दहा वाजता कशी असते?' असा आहे.

मोठेपणाच्या कल्पनांचेही तसेच. दहा वर्षांचा मुलगा 'मी भारताचा कॅप्टन होणार' म्हणतो, हे वयाला शोभून दिसते. पंधरा वर्षांचा मुलगा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरून, शाळा आता मी चालवणार म्हणून नवे वेळापत्रक त्यांच्या टेबलावर ठेवतो, कुणी हसले तर त्याला उमगत नाही आणि हे तो आठवडाभर करत राहतो, तेव्हा कान टवकारायचे.

चिडचिडीला उन्माद म्हटले की काय होते, हे अमेरिकेने करून पाहिले आहे. 1990 च्या दशकात तिथल्या काही संशोधकांनी अशी मांडणी केली की मुलांमध्ये उन्माद एपिसोडने येत नाही, तो कायमच्या चिडचिडीच्या रूपात दिसतो. कल्पना उचलली गेली. बाह्यरुग्ण तपासणीत 19 वर्षांपर्यंतच्या मुलांना बायपोलर हे निदान लागलेल्या भेटींचे प्रमाण 1994-95 मध्ये दर लाख लोकसंख्येमागे 25 होते. 2002-03 मध्ये ते 1003 झाले. चाळीस पट. आठ वर्षांत मुलांचे मेंदू बदलत नाहीत, निदानाची फूटपट्टी बदलते.

मग अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एलन लायबेनलुफ्ट आणि सहकाऱ्यांनी साधी पण वेळखाऊ गोष्ट केली. कायम चिडणारी मुले एका गटात, ठळक एपिसोड असलेली मुले दुसऱ्या गटात घेतली आणि वाट पाहिली. सुमारे 28 महिन्यांच्या पाठपुराव्यात बायपोलरच्या 93 मुलांपैकी 58 जणांना पुन्हा उन्मादाचा, सौम्य उन्मादाचा किंवा मिश्र (उन्माद आणि नैराश्य एकत्र) एपिसोड आला. कायम चिडणाऱ्या 84 मुलांपैकी फक्त एकाला. अशी मुले मोठी झाल्यावर बायपोलरकडे नव्हे, तर नैराश्य आणि चिंतेच्या आजारांकडे झुकतात, असेच इतर पाठपुराव्यांतूनही दिसले. 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने डीएसएम-5 या आपल्या निदानपुस्तिकेत या मुलांसाठी डीएमडीडी (डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर) हे वेगळे निदान काढले: आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक वेळा थयथयाट, मधल्या वेळातही चिडलेले मन, हे वर्षभर, घर-शाळा-मित्र यांपैकी किमान दोन ठिकाणी, सुरुवात दहा वर्षांच्या आत, आणि सहा वर्षांखाली किंवा अठरानंतर हे निदान पहिल्यांदा करायचे नाही. या निदानावरही टीका आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण त्या मुलांच्या मागचे बायपोलरचे शुक्लकाष्ठ तरी सुटले. ब्रिटनमधील नाइस या, डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शिकेने तर स्पष्ट सांगितले की मुलांत चिडचिड हा निदानाचा गाभा धरू नका. चढलेला आनंद किमान 7 दिवस, बहुतेक दिवशी आणि बहुतेक वेळ दिसला पाहिजे, आणि तोही जाणकारांच्या चमूने काही काळ बारकाईने लक्ष ठेवून. एका भेटीत नाही.

नाव काय द्यायचे हा पंडितांचा वाद वाटेल. पण नावामागून गोळ्या येतात. कायम चिडणाऱ्या मुलाला आईवडिलांचे प्रशिक्षण, वर्तनोपचार, एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असेल तर त्याची औषधे यांचा उपयोग होतो. बायपोलर ठरवले की तीच औषधे हातचे राखून वापरली जातात आणि मूल मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांवर वाढते.

त्या औषधांची किंमत काय, तेही सांगू. लिथियम हे उत्तम औषध आहे, खऱ्या बायपोलरमध्ये त्याला तोड नाही. पण सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), थायरॉइड, कॅल्शियम पाहावे लागते आणि नंतरही ठरावीक महिन्यांनी. रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी तपासायची. सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेलात तर आकडा खोटा वर दिसतो. दीर्घकाळासाठी ती लिटरमागे बहुधा 0.6 ते 0.8 मिलिमोल राखतात, 1.5 च्या पुढे विषबाधेची भीती. जुलाब-उलट्या, मे महिन्यातले ऊन, निर्जळी उपवास, वजन उतरवायला एकदम मीठ सोडणे, गुडघा दुखला म्हणून घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, यातल्या कशानेही पातळी चढते. हात जोरात थरथरणे, पाय लटपटणे, जीभ जड होणे दिसले की थेट रुग्णालय गाठायचे.

व्हॅल्प्रोएट मुलींना सर्रास लिहिले जाते, याबद्दल आमची तक्रार आहे. गर्भारपणात ते चालू राहिले तर साधारण दहातल्या एका बाळाला जन्मजात व्यंग येते आणि त्याहून अधिक मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. सोळा वर्षांच्या मुलीची गोळी लग्नानंतरही तशीच चालू राहते, कारण सासरी सांगायचे नसते. लॅमोट्रिजिन 25 मिलिग्रॅमने सुरू करून दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात, व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याच्या निम्म्याने. घाई केली तर अंगावर जीवघेणे पुरळ येऊ शकते. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर जुन्या डोसवर परत उडी मारायची नाही, डॉक्टरांना विचारून खालून सुरुवात. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन यांनी वजन, साखर, चरबी वाढते. वजन आणि कंबर पहिल्याच दिवशी मोजलेली नसेल तर नंतर कशाशी ताडून पाहणार? खऱ्या आजारात हे सगळे सोसण्यासारखे असते. चुकीच्या निदानापायी का सोसायचे?

आता दुसरी बाजू, कारण आपल्याकडे ती अधिक मोठी आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यांत पाहणी झाली (महाराष्ट्र त्यांत नव्हता) आणि बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक उपचारांबाहेर आढळले. म्हणजे शहरात लेबल सैल आणि गावात आजार बेवारस. मुलगी आठवडाभर झोपत नाही, नाचते, देवीची भाषा बोलते. घरचे म्हणतात 'बाहेरचं झालंय'. महिन्याभराने उन्माद आपोआप ओसरतो आणि श्रेय भगताला मिळते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कुणी तारीख लिहून ठेवलेली नसते.

डॉक्टरांकडे पोहोचलेल्यांचेही सोपे नाही. आजार अनेकदा नैराश्याने सुरू होतो आणि नैराश्याच्या अंगावर 'बायपोलर' असे लिहिलेले नसते. अमेरिकेत बायपोलरच्या रुग्णांच्या एका जुन्या पाहणीत 69 टक्क्यांना आधी दुसरेच निदान मिळाले होते, बहुतेकदा नुसते नैराश्य; एक तृतीयांशाहून अधिक जणांना योग्य निदानासाठी दहा वर्षे किंवा जास्त थांबावे लागले. अशा रुग्णाला एकटी नैराश्याची गोळी दिली तर काही वेळा उन्माद उसळतो. म्हणून तरुण मुलाला ती गोळी लिहिण्यापूर्वी मागे कधी उलट दिवस येऊन गेले का, हे विचारलेच पाहिजे, आणि ते मुलाला एकट्याला नव्हे. त्याला ते दिवस आजाराचे वाटलेलेच नसतात, 'तेव्हा मी भारी होतो' असे तो सांगतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2004 मध्ये नैराश्याच्या या गोळ्यांवर मुलांमधील आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापायला लावला, 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. याचा अर्थ गोळी वाईट असा नाही. पहिले काही आठवडे दर आठवड्याला मूल डोळ्यांखालून गेले पाहिजे, असा आहे. 'महिन्याने या' हे उत्तर अपुरे आहे.

घराण्याचा इतिहास विचारायचीही एक रीत आहे. 'घरात कुणाला मानसिक आजार?' याला मराठी घरात ठरलेले उत्तर मिळते: 'छे, आमच्यात कुणालाच नाही.' सोयरिकी जुळायच्या असतात. त्यापेक्षा विचारावे: कुणी कधी रत्नागिरी, येरवडा किंवा ठाण्याच्या रुग्णालयात होते का? कुणी विहीर जवळ केली का? एखाद्या काकाने एका महिन्यात जमीन फुंकली, कर्ज काढून तीन धंदे सुरू केले आणि मग वर्षभर खोलीबाहेर पडला नाही, असे झाले का? कुणाला बाळंतपणानंतर लगेच 'वेड लागले' होते का? मग मामा आठवतो, आजी आठवते. अर्थात आई किंवा वडिलांना बायपोलर असले तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही त्याच बैठकीत सांगायला हवे, नाहीतर इतिहासच निदान होऊन बसतो.

पौगंडावस्थेतल्या उन्मादात भास आणि भ्रम बरेचदा असतात, आणि मग स्किझोफ्रेनिया लिहिले जाते. भास मनाच्या चढासोबत आले आणि चढ उतरल्यावर गेले का, हे पाहिल्याशिवाय तो शिक्का मारू नये. पुन्हा तारखाच. एडीएचडी बारा वर्षांच्या आत सुरू होते आणि बारमाही असते. त्यात चढ-उतारांचे ऋतू नसतात. मार, लैंगिक अत्याचार, घरातली दारू यातून आलेला भडका तासाभरात चढतो-उतरतो आणि त्याला बहुधा काहीतरी निमित्त असते: कुणाचा तरी आवाज, कुणाचे तरी दुर्लक्ष. असे मूल चिडले की पाच मिनिटे आई-वडिलांना बाहेर बसवून एकट्याशी बोलायचे. ही पाच मिनिटे गर्दीच्या ओपीडीत मिळत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण निदानाची पन्नास टक्के चूक तिथेच होते असे म्हणण्याचा मोह आवरतो, कारण आकडा आमच्याकडे नाही.

शरीराकडेही बघावे लागते. वाढलेले थायरॉइड, दमा किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी चालू असलेले प्रेडनिसोलोन, क्वचित क्षयाच्या उपचारातले आयसोनियाझिड यांनी उन्मादासारखे चित्र दिसू शकते. आठ-दहा दिवसांत मुलगी बदलली, गोंधळली, फिट आली, तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या तर मेंदूचा प्रतिकारशक्तीजन्य दाह मनात आणायचा. 2007 मध्ये ओळखला गेलेला हा एनएमडीए रिसेप्टरविरोधी आजार वेळेत धरला तर बरा होतो. वागणे बदलले, अक्षर बिघडले, बोलणे अडखळू लागले, तर विल्सनच्या आजारासाठी तांब्याची तपासणी. गांजा आणि एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) यांचा विषय पालक टाळतात आणि डॉक्टरही. लघवीच्या नेहमीच्या पट्टीत एमडी बहुधा सापडत नाही, म्हणून पट्टी 'निगेटिव्ह' आली एवढ्यावर विसंबू नये. नशा थांबून साधारण महिना झाल्यावरही चढ टिकून असेल तर बायपोलरचा विचार पक्का धरायचा.

मग पालकांनी करायचे काय? भिंतीवरचे कालनिर्णय. ज्या चौकोनात दूधवाल्याचा खाडा आणि सिलिंडरची तारीख लिहिता, त्यातच चार गोष्टी: किती वाजता झोपला-किती वाजता उठला, उणे तीन ते अधिक तीन यांमधला मूडचा आकडा, त्या दिवशी घडलेली एखादी गोष्ट, चुकलेली गोळी. मुलींच्या बाबतीत पाळीची तारीख हवीच; पाळीआधीच्या आठवड्यातच सगळे भडकते आणि नंतर निवळते का, हे कळायला किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद लागते. मुलाला स्वतःचा आकडा वेगळ्या वहीत लिहू द्या. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तीही माहितीच आहे. मागचा काळ आठवताना 'कधीपासून?' असे विचारले की कुणालाच सांगता येत नाही. 'गणपतीत कसा होता? दिवाळीत? सहामाहीच्या निकालाला? मे महिन्यात गावी?' असे विचारले की वर्ष उलगडते. वर्गशिक्षकांकडून चार ओळी आणा, कारण फक्त घरी भडकणारे मूल आणि सगळीकडे भडकणारे मूल यांचे प्रश्न वेगळे असतात. आणि ऑनलाइन प्रश्नावलीचे गुण कृपया आणू नका.

थांबून पाहणे प्रत्येक वेळी परवडत नाही. तीन-चार रात्री डोळ्याला डोळा नाही, मरणाच्या गोष्टी, हिंसा, खाणेपिणे बंद, यांत उपचार त्याच दिवशी, निदान नंतर. अशा वेळी केसपेपरवर 'तात्पुरते निदान, निरीक्षणाखाली' लिहायला डॉक्टरांनी कमीपणा मानू नये. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. मराठीतून बोलता येते.

ज्यांच्या मुलाला आधीच हा शिक्का लागला आहे, त्यांनी गोळ्या उद्या बंद करू नयेत. लिथियम एकदम सोडल्याने खरा उन्माद उसळू शकतो. ते उतरवायचे तर किमान चार आठवडे, शक्यतो तीन महिने लावून. आधी जुने कागद गोळा करा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 25 ने रुग्णाला आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मागण्याचा हक्क दिला आहे. पहिला केसपेपर काढा आणि दुसऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून विचारा: उन्माद कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता? तेव्हा कोणती औषधे, कोणती नशा चालू होती? या प्रश्नांना कागदावर उत्तर नसेल, तर निदान पुन्हा तपासायला जागा आहे.

संपादक महोदय, पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा 'यातली पाच जुळली तर' ही ओळ तेवढी काढा. त्या जागी 'सलग किती दिवस? त्याआधी कसा होता?' हे दोन प्रश्न आणि खाली 14416 एवढे मावेल.

आपले,
बालमानसोपचार व शालेय समुपदेशन क्षेत्रातील काही वाचक, पुणे